मध्यमात लावलेला तंबोरा

पहिला प्रवास जेमतेम तीन किलोमीटरचा होता. 1994 चा डिसेंबर. मी बारा वर्षांची, बाबांच्या स्कूटरवर मागे बसलेली, मांडीवर सतरंजी आणि खांद्याला थर्मास. जायचं होतं रमणबागेच्या मैदानावर, सवाईला.

सवाई गंधर्व 1952 मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला, हे बाबांनी रस्त्यातच सांगून टाकलं. रांगेत उभं राहिल्यावर त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती मला आजवर पुरली आहे. "गायकाकडे नंतर बघ. आधी तंबोऱ्याची पहिली तार ऐक." ती तार बहुतेक वेळा पंचमात, म्हणजे 'प' या स्वरात असते. पण रागात पंचमच नसेल तर ती मध्यमात ('म') लावतात, नाहीतर निषादात ('नी'). मालकंसाला मध्यम. मारवा, पूरिया, सोहनीला बहुधा निषाद. गायकाने अजून तोंड उघडलेलं नसतं, रागाचं नाव कुणी सांगितलेलं नसतं, तरी ऐकणाऱ्याला अर्धं उत्तर मिळून जातं.

त्या रात्री मी दोनदा झोपले. दुसऱ्यांदा डोळे उघडले तेव्हा अडीच वाजून गेले होते. सगळं मैदान शाली-कानटोप्यांत शिरलेलं आणि स्टेजवर तंबोरे जुळवणं चाललेलं. बाबांनी कोपराने ढोसलं. "ऐक, काय लागलंय?" मला मध्यम ओळखता आला नाही, नेहमीचं नाही एवढंच कळलं. मग मालकंस सुरू झाला. बाहेरच्या पेठा निजलेल्या होत्या, एकही वाहन नव्हतं, त्यामुळे खर्जातला स्वर लावल्यावर तो कुठे संपतो आणि शांतता कुठे सुरू होते ते कळेना. मालकंस त्यानंतर मी शेकडो वेळा ऐकला असेन. संध्याकाळी आठ वाजताही ऐकला, उत्तम गायलेला ऐकला. पण रात्री अडीचचा मालकंस ही निराळीच वस्तू आहे, आणि हे मी लहानपणीच्या हळवेपणातून म्हणत नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी सवाई गंधर्वांच्या आवाजातली भैरवीची ठुमरी ध्वनिमुद्रिकेवरून लागली. लोक सतरंज्या गुंडाळता गुंडाळता थांबले. तेव्हा लख्ख उजाडलं होतं.

मग 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातल्या मोजक्या दिवशी सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, तेवढंच. नियमाशी माझं भांडण नाही. मैदानाच्या भिंतीला लागून आजारी माणसं राहतात, तान्ही मुलं राहतात, त्यांनी का सोसावं? पण त्या नियमाबरोबर आपल्या संगीताचा निम्मा दिवस गेला, हेही कुणीतरी म्हणायला हवं. दरबारी, अडाणा, मालकंस, परज, ललत हे सगळे राग ज्या वेळेसाठी आहेत ती वेळच मैफलीतून उठून गेली. दरबारीचा आंदोलित, हळूहळू झुलणारा गंधार नऊ वाजता, घड्याळाकडे बघत, पंचेचाळीस मिनिटांत बसवावा लागतो. दिवाळी पहाटेला मी आवडीने जाते, पण ती झोपून उठून, न्हाऊन गाठलेली पहाट. सबंध रात्र स्वरांबरोबर चालत पोहोचायची पहाट मला पुन्हा हवी होती.

तेव्हापासून मी ती शोधत हिंडते आहे. रजा, रेल्वे, शाल, एक वही.

ग्वाल्हेरला गेले ते डिसेंबरात, तानसेन समारोहाला. महंमद गौस यांच्या मकबऱ्याची दगडी जाळी डोळ्यांचं पारणं फेडते. तिच्या सावलीत तानसेनाची साधी, लहानशी समाधी. शेजारी चिंचेचं झाड. त्याची पानं खाल्ली की गळा गोड होतो म्हणून पिढ्यान् पिढ्या गायक ती चघळत आले. सुरुवात शहनाईने होते, मग हरिकथा आणि मिलाद, म्हणजे पैगंबरांची स्तुती, एकाच मांडवात. हे ऐकण्यासाठी तरी एकदा जावं. जालंधरचं हरिवल्लभ संमेलन 1875 पासून चालत आलेलं; तिथली थंडी मात्र माझ्या शालीला भारी पडली.

कोलकात्याला रात्र सापडली. आझाद हिंद एक्सप्रेसने दीड दिवस, आणि जानेवारीच्या 22 तारखेला रवींद्र सरोवराकाठच्या नझरुल मंचात डोव्हर लेन संमेलन. हे 1952 मध्ये सुरू झालेलं. नियमात बंदिस्त सभागृहाला मुभा आहे, तिथे रात्र टिकली ती त्याच आधारावर. श्रोते काय! शेजारच्या खुर्चीतले आजोबा डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोपले. तबलजीने अवघड तिहाई, म्हणजे तीनदा फिरवलेला तुकडा, घेतली आणि सम, तालाची पहिली मात्रा, आली त्या क्षणी त्यांची मान हलली, डोळे मिटलेलेच. सोहनी ऐकली, परज ऐकला, पण बाहेर काय चाललंय ते त्या भिंतींमधून कळत नव्हतं. भैरव संपवून दार ढकललं तर धुक्यात तळ्याभोवती लोक फिरायला आलेले. पहाट माझ्याशिवायच होऊन गेली होती. सकाळभर मला त्याची रुखरुख लागली.

संगीतशास्त्रकार भातखंडे मध्यमाला अध्वदर्शक स्वर म्हणत, म्हणजे वाट दाखवणारा. तीव्र, म्हणजे चढा मध्यम संध्याकाळ आणि रात्रीकडे नेतो, शुद्ध मध्यम सकाळकडे. ललतात दोन्ही मध्यम एकमेकांना खेटून येतात, रात्र संपत असते आणि सकाळ झालेली नसते तिथे. हे मी वीसेक वर्षांपूर्वी वाचलं होतं, पण त्याची खूण पटली ती काशीत.

तिथल्या संकटमोचन मंदिरात संगीत समारोह 1923 पासून होतो, हनुमान जयंतीच्या सुमारास. आपल्याकडच्यासारखीच चैत्र पौर्णिमा. तिकीट नाही. कलाकार मानधन घेत नाहीत. इथे गाण्याला 'हाजिरी लावणं' म्हणतात. चपला बाहेर काढून अंगणात मिळेल तिथे बसायचं. टाळ्यांऐवजी "हर हर महादेव" असा गजर उठतो. पहिल्यांदा दचकले, तिसऱ्या गजरात माझाही आवाज होता.

बाबा बरोबर होते. गुडघे साथ देत नव्हते म्हणून त्यांना खांबाला टेकवून बसवलं. "बाबा, दोन वाजता खोलीवर जाऊ या हं," मी म्हणाले होते. दोन वाजता ते म्हणाले, "तू जा हवं तर." उकाडा होता, लोक हातातल्या कागदांनी वारा घेत होते. तीननंतर हवा गार झाली, पाठीवरचा घाम सुकला. एक सतारीचा कार्यक्रम संपला, गर्दी थोडी पांगली, आणि एक तरुण गायिका येऊन बसली. मी तिला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. तिने तंबोरा स्वतःकडे घेतला.

पहिली तार पंचमात होती. तिने खुंटी पिळायला घेतली. स्वर उतरू लागला, घसरला, पुन्हा वर आला, थांबला. मध्यम. मधल्या, षड्जाच्या जोडाच्या तारा छेडून तिने पुन्हा एकदा तपासलं आणि तंबोरा साथीदाराकडे दिला.

मध्यम म्हणजे मालकंस. पण पावणेचार झाले होते, मालकंसाची वेळ टळून गेली होती. अंगणाच्या वरचं आकाश अजून काळंच होतं, फक्त झाडांच्या शेंड्यांची कड दिसू लागली होती.

मी बाबांकडे वळले. त्यांनी आधीच माझ्याकडे बघितलेलं होतं.

"ललत," आम्ही दोघंही म्हणालो, आणि तिने षड्ज लावला.