तुम्ही विचारलेत म्हणून : पुन्हा घ्यावी न लागणारी खुर्ची आणि तिच्यावर उभा राहिलेला कारखाना

मी फर्निचरच्या रचनेविषयी लिहितो, त्यामुळे एक प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. मूल लहान असताना घेतलेली आणि ते मोठे झाल्यावरही वापरता येणारी ‘ट्रिप ट्रॅप’ ही खुर्ची विकून नॉर्वेतल्या स्टोके कंपनीचे भागते कसे? त्याच मुलासाठी गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येणार नाही अशी वस्तू बनवणे हा आतबट्ट्याचा व्यवहार नव्हे काय? शंका रास्त आहे. तिचे उत्तर कंपनीच्या इतिहासात असल्यामुळे थोडे मागे जावे लागेल.

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ऑलेसुंड शहराच्या परिसरात १९३२ साली गेओर्ग स्टोके आणि ब्यार्ने म्योलर यांनी हा कारखाना सुरू केला. सुनम्योरे नावाचा हा सगळा टापूच पुढे फर्निचरसाठी ओळखला जाऊ लागला. आरामखुर्च्यांसाठी प्रसिद्ध असलेली एकोर्नेस ही कंपनीही १९३४ साली तिथल्याच सिक्किल्वेनमध्ये स्थापन झाली. स्टोकेची पहिली चाळीस वर्षे मात्र मोठ्या माणसांच्या फर्निचरमध्येच गेली. आज जे नाव पाळणे आणि बाबागाड्यांशी जोडले गेले आहे, त्याचा मुलांशी तेव्हा फारसा संबंध नव्हता, आणि माझ्या मते हेच त्यांच्या पथ्यावर पडले. मुलांचे म्हणून जे काही बनवायचे ते गोंडस दिसले पाहिजे, या समजुतीचे ओझे त्यांच्यावर नव्हते.

रचनाकार पेटर ऑप्सविक यांचा मुलगा दोनेक वर्षांचा झाला, तेव्हा त्याची बाळपणीची उंच खुर्ची त्याला पुरेनाशी झाली आणि मोठ्यांची खुर्ची तर फारच मोठी पडू लागली. तिच्यावर बसवले की पाय लोंबकळत राहणार आणि हात टेबलापर्यंत पोहोचणार नाहीत. पाय लोंबकळत असले की मूल सतत चुळबूळ करते, पुढे घसरते, गुडघ्यांवर उभे राहते आणि आपण त्याला ‘नीट बस’ म्हणून दटावत राहतो. ऑप्सविक यांनी दोष मुलाला न देता खुर्चीला दिला. त्यातून १९७२ साली स्टोकेची ट्रिप ट्रॅप बाजारात आली.

तिची रचना पाहण्यासारखी आहे. दोन बाजूंना जमिनीवर आडव्या टेकलेल्या दोन पट्ट्या आणि त्यांच्यावर तिरक्या उभ्या केलेल्या दोन उंच पट्ट्या. या तिरक्या पट्ट्यांच्या आतल्या अंगाला ओळीने आडव्या खोबणी कोरलेल्या आहेत. एक फळी बसण्यासाठी आणि दुसरी पाय टेकवण्यासाठी या खोबणींत सरकवायची आणि स्क्रू आवळायचे. मूल वाढले की फळ्या खाली घ्यायच्या. शिवाय फळी खोबणीत पुढेमागेही सरकत असल्यामुळे मांडीला किती आधार हवा, हेही ठरवता येते. उंची बदलणाऱ्या खुर्च्या पुष्कळ आहेत. पण बसायची फळी किती पुढेमागे असावी आणि पायांना आधार कुठे मिळावा, यांचा विचार इतक्या कमी भागांत केलेली दुसरी खुर्ची माझ्या तरी पाहण्यात नाही. मुलाला टेबलाशी मोठ्यांच्या बरोबरीने बसता यावे म्हणून तिला स्वतःचा ट्रे दिलेला नव्हता.

सुरुवातीला विक्री संथ होती. १९७४ साली नॉर्वेच्या टीव्हीवर ती दाखवली गेली आणि मग मागणी वाढली. आजवर एक कोटीहून अधिक खुर्च्या विकल्या गेल्या आहेत, तेव्हा मूळ प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग असा, की एका मुलामागे एकच खुर्ची खपली तरी मुले दरवर्षी नवी जन्माला येतात, आणि भावंडांकडे, नातलगांकडे फिरत राहिलेली जुनी खुर्ची कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त बोलते. खुर्ची टिकते म्हणूनच तिची जास्त किंमत लोक मान्य करतात. उत्तराचा दुसरा भाग जोडवस्तूंचा आहे. बाळ पडू नये म्हणून लावायचा कठडा, गादी, पुढे तान्ह्या बाळासाठीची बैठक आणि ज्यांना हवा त्यांच्यासाठी चक्क ट्रेदेखील, असे बरेच काही नंतर आले आणि ते वेगळे विकले जाते.

तरीही कंपनी केवळ मुलांची व्हायला बराच काळ जावा लागला. ऑप्सविक यांचीच ‘व्हेरिएबल’ ही गुडघे टेकून बसायची खुर्ची १९७९ साली स्टोकेनेच बाजारात आणली होती. पुढे १९९९ साली मुलाबरोबर लांबी वाढवता येणारा ‘स्लीपी’ पलंग आणि २००३ साली ‘एक्सप्लोरी’ बाबागाडी आली. २००६ मध्ये मोठ्यांच्या खुर्च्या ‘व्हॅरिएर’ या वेगळ्या कंपनीकडे गेल्या आणि स्टोकेकडे मुलांचेच सामान उरले. २०१३ च्या अखेरीस, संगणकी खेळांसाठी प्रसिद्ध असलेल्या नेक्सॉनच्या दक्षिण कोरियातल्या मूळ कंपनीने तिची खरेदी केली. मुलांना टेबलाशी बसवणाऱ्यांना पडद्याशी बसवणाऱ्यांनी विकत घ्यावे, यातली गंमत मला आवडते.

टिकाऊपणामुळे हा धंदा बुडेल, ही भीती म्हणूनच मला फारशी पटत नाही. खरा धोका नक्कलेचा होता. रचना इतकी उघड आहे की चांगला सुतार ती पाहून बनवील. स्टोकेने त्यासाठी अनेक देशांत दावे लढवले आणि २०१२ साली नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॉपीराइटच्या मुद्द्यावर त्यांच्या बाजूने निकाल दिला. मात्र खुर्चीचा आकार हाच ट्रेडमार्क म्हणून राखण्याचा प्रयत्न डोईजड ठरला. हाउक या जर्मन कंपनीशी चाललेल्या वादात युरोपीय न्यायालयाने १८ सप्टेंबर २०१४ रोजी स्पष्ट केले, की वस्तूच्या उपयोगातूनच येणारा किंवा तिला मोठे मोल देणारा आकार ट्रेडमार्क होऊ शकत नाही. ट्रेडमार्कचे नूतनीकरण कितीही वेळा करता येते, तर युरोपात कॉपीराइट रचनाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षांनी संपतो. तोवर या खोबणींचा हक्क राखता येईल. त्यानंतर ती खुर्ची कोणीही बनवू शकेल.