डिशला हात सर्वांत शेवटी

सह्याद्रीवर चित्र फुटायला लागलं, आवाज तुटायला लागला, की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "डिश हलली असणार, वर जाऊन जरा फिरवून ये." माझा अनुभव सांगतो, तो एवढ्यासाठीच की हे वाक्य ऐकून लगेच गच्चीवर जाऊ नका. डिश हललेली नसताना फिरवली तर मूळ बिघाड तसाच राहतो आणि वर दुसरा तयार होतो. मग दोन्ही एकत्र शोधत बसावं लागतं.

घर इंदूरचं, दुमजली. डीडी फ्री डिश (दूरदर्शनची मोफत उपग्रह सेवा), ६० सेंटिमीटरची डिश, तिथून टीव्हीजवळच्या सेट-टॉप बॉक्सपर्यंत साधारण २५ मीटर केबल. पावसाळ्यात तक्रार सुरू झाली, पण पाऊस नसतानाही चित्र फुटत होतं. आधी दोन दिवस फक्त वेळा लिहून काढल्या. सकाळी सात ते दहा वाईट, दुपारी एकनंतर स्वच्छ, रात्री उशिरा पुन्हा वाईट. उन्हानं सुधारतं आणि दवानं बिघडतं, याचा अर्थ कुठेतरी ओल आहे. डिश हलली असती तर ती दुपारी आपणहून जागेवर आली नसती.

त्यानंतर बॉक्सच्या मेनूतली सिग्नलची पट्टी उघडली. तिथे दोन आकडे असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ बघून फसू नका. एलएनबी (डिशसमोरच्या दांडीवरची सिग्नल पकडणारी डबी) आकाशातला निव्वळ गोंगाटही वाढवून खाली पाठवते आणि बॉक्स तोही मोजतो, त्यामुळे डिश भलतीकडे वळलेली असली तरी स्ट्रेंग्थ ७०-८० दिसू शकते. क्वालिटी मात्र खरा सिग्नल पकडला तरच वर येते. पुढचं सगळं काम मी क्वालिटीच्या आकड्यावर केलं.

फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते, ९३.५ अंश पूर्व. मी दोन फ्रिक्वेन्सी निवडल्या, ११०९० आणि ११४७०, दोन्ही व्हर्टिकल (म्हणजे उभ्या लहरींच्या), सिंबॉल रेट (माहिती पाठवण्याचा वेग) २९५००. एलएनबीच्या सेटिंगमध्ये ९७५० आणि १०६०० हे आकडे असावे लागतात, ते आधी तपासले. एलएनबी आलेल्या फ्रिक्वेन्सीतून ९७५० वजा करते आणि उरलेली केबलमधून खाली सोडते. म्हणजे ११०९० चे चॅनेल केबलमध्ये १३४० मेगाहर्ट्झवर धावतात आणि ११४७० चे १७२० वर. फ्रिक्वेन्सी जितकी जास्त तितकी केबल जास्त सिग्नल खाते, आणि ओली केबल तर फारच. आमच्याकडे सकाळी पहिल्यावर क्वालिटी ६४ आणि दुसऱ्यावर ३१ होती, दुपारी दोन्हीवर सत्तरच्या वर. डिश किंवा एलएनबी सरकली असती तर दोन्ही आकडे साधारण बरोबरीनं घसरले असते. जास्त फ्रिक्वेन्सीचा आकडा एकटाच कोसळला, की संशय केबलवर घ्यावा.

याच १७२० ची आणखी एक गंमत आहे. मोबाइल फोन टॉवरकडे सिग्नल पाठवतो त्यांतला एक पट्टा १७१० ते १७८५ मेगाहर्ट्झचा आहे. केबलच्या टोकाची जाळी (मधल्या तारेभोवती विणलेल्या बारीक तारा) नीट बसलेली नसेल तर बॉक्सजवळ ठेवलेला फोनसुद्धा ते चॅनेल फोडू शकतो. फोन दुसऱ्या खोलीत नेऊन बघायला काहीच खर्च नाही.

खात्री करायला बॉक्स आणि एक छोटा टीव्ही गच्चीवर नेला आणि २ मीटरच्या नव्या केबलनं थेट एलएनबीला जोडला. हीच सगळ्यांत मोलाची चाचणी. सकाळी आठ वाजता दोन्ही फ्रिक्वेन्सींवर क्वालिटी ७४. डिश आणि एलएनबी दोन्ही निर्दोष सुटल्या. केबल काढताना-लावताना बॉक्स प्लगपासून बंद करायचा. एलएनबीला वीज याच केबलमधून जाते, व्हर्टिकलसाठी १३ व्होल्ट आणि हॉरिझाँटलसाठी १८. चालू बॉक्सवर जाळीची एखादी तार मधल्या तारेला टेकली की शॉर्ट होतो.

मग मल्टिमीटर. केबलची दोन्ही टोकं मोकळी करून मधली तार आणि जाळी यांच्यात रोध मोजला. कोरड्या केबलमध्ये रोध इतका जास्त असतो की मीटरवर आकडाच येत नाही. आमच्या केबलनं किलोओहममध्ये आकडा दाखवला, म्हणजे आत पाणी. दुसरी मोजणी उलटी: एका टोकाला तार आणि जाळी एकमेकांना जोडायची आणि दुसऱ्या टोकाला मोजायचं. २५ मीटरला पाच ओहमच्या आत यायला हवं. जास्त आलं तर जाळी गंजली आहे किंवा मध्ये कुठेतरी जोड सैल आहे.

पाणी शिरलं होतं एलएनबीजवळच्या कनेक्टरमधून. हातानं पिळून बसवायचा स्वस्त कनेक्टर, वर साधी काळी वायरिंगची टेप. उन्हात त्या टेपचा गोंद वितळतो, टेप सुटते आणि तिच्या घडीत पाणी साठून राहतं, म्हणजे ती नसण्यापेक्षा वाईट. केबल सोलली तर पहिल्या दोन मीटरपर्यंत जाळी काळी पडली होती. अशी केबल उन्हात वाळवून चालत नाही आणि टोक कापूनही भागत नाही, कारण जाळी वातीसारखी पाणी ओढते. पूर्ण केबल बदलली.

जेल रोडला केबल घेताना आवरणावर आरजी-६ आणि ७५ ओहम छापलेलं बघितलंच, पण तेवढ्यावर न थांबता दुकानात टोक सोलून पाहिलं. फॉइल अखंड हवी आणि जाळी दाट हवी. विरळ जाळीच्या केबलवरही तेच अक्षर छापलेलं असतं. चांगली आरजी-६ केबल १००० मेगाहर्ट्झला शंभर मीटरमागे साधारण २० डेसिबल खाते. म्हणून लांबी लागेल तेवढीच घ्या, उरलेली दहा मीटर गुंडाळून टीव्हीमागे टांगू नका. मध्ये जोड नको, आणि एकच टीव्ही असेल तर स्प्लिटरही नको.

कनेक्टर दाबून बसवायचे घेतले, त्याचा पाना वेगळा लागतो. बाहेरचं आवरण सोलल्यावर जाळी मागे उलटवायची, एकही केस मधल्या तारेकडे राहू द्यायचा नाही. पांढरं इन्सुलेशन कनेक्टरच्या आतल्या भोकाशी अगदी समपातळीत यावं आणि मधली तार कनेक्टरच्या कडेपुढे दीड ते दोन मिलिमीटर दिसावी. कमी राहिली तर संपर्क होत नाही, जास्त राहिली तर एलएनबीच्या आतली पकड वाकते. वर स्वतःलाच चिकटणारी रबर टेप, ताणून, खालून वर गुंडाळत नेलेली, म्हणजे तिचे पदर कौलांसारखे बसतात. आणि केबल भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी तिथूनच टपकतं, घरात येत नाही.

केबल बदलताना एलएनबी थोडी फिरली होती, त्यामुळे शेवटी डिश तपासावी लागलीच. इंदूरहून ९३.५ अंशांचा उपग्रह उत्तरेपासून १४०.५ अंशांवर, म्हणजे आग्नेयेकडून किंचित दक्षिणेला, आणि क्षितिजापासून ५७ अंश उंच दिसतो. बडोद्याला हेच १३६ आणि ५५, ग्वाल्हेरला १४८ आणि ५५. होकायंत्र लोखंडी पाइपाजवळ धरू नका, दोन मीटर मागे उभं राहून दिशा घ्या. आपल्याकडच्या डिश ऑफसेट असतात, त्यांचा चेहरा खऱ्या दिशेपेक्षा सुमारे २५ अंश खाली दिसतो. म्हणून ५७ अंशांवर लावलेली डिश बघताना फक्त ३२ अंश मागे झुकलेली वाटते आणि लोक ती चुकली समजून वर उचलतात. शेजारची डिश बघून आपली लावू नका. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंशांवर आहे, एअरटेलचा १०८.२ वर. डिश टीव्हीचा ९५ वर, आपल्याला अगदी चिकटून, त्यामुळे साधा सॅट फाइंडर (सिग्नल मिळाला की वाजणारा छोटा मीटर) त्याच्यावरही शिट्टी वाजवतो. चॅनेल लागल्याशिवाय खरं मानू नये.

आधी ओळंबा लावून पाइप सरळ उभा आहे का बघितला. पाइप कलला असेल तर उंचीच्या पट्टीवरचा आकडा खोटा. मग उंची पक्की करून डिश आडवी, अगदी सावकाश फिरवली आणि प्रत्येक हालचालीनंतर चार सेकंद थांबलो, कारण बॉक्सला सिग्नल पकडायला तेवढा वेळ लागतो. ४ सेंटिमीटर जाडीच्या पाइपावर एक अंश म्हणजे जेमतेम ०.३५ मिलिमीटर. धक्का मारून हे जमत नाही. क्वालिटी पडते त्या डावीकडच्या आणि उजवीकडच्या जागांवर पेन्सिलीनं खूण केली आणि डिश बरोबर मध्ये आणली. उंचीचंही तसंच. एलएनबीचा पीळ, म्हणजे ती स्वतःभोवती किती फिरवायची तो कोन, इंदूरला ३६ अंश येतो. डिशसमोर, डिशकडे तोंड करून उभं राहिलं तर एलएनबीचं केबलचं तोंड सात वाजून बारा मिनिटांच्या तासकाट्यासारखं दिसायला हवं. तिथून थोडं मागेपुढे करून क्वालिटीचा सर्वांत वरचा आकडा धरायचा. नट एकाआड एक आवळायचे, आकडा बघत, कारण आवळतानाच डिश सरकते.

आडोशाचा हिशेब सोपा आहे. ५७ अंशांच्या नजरेला पाच मीटरवरचं झाड डिशपेक्षा साडेसात मीटर उंच असेल तरच आड येतं. मार्चच्या ११ तारखेच्या आणि ऑक्टोबरच्या २ तारखेच्या आसपास सकाळी अकराच्या सुमाराला सूर्य इंदूरहून बरोबर या उपग्रहामागे येतो. त्या दिवसांत काही मिनिटं चित्र जातं. तो बिघाड नाही, काहीही हलवू नका. उलट तीच वेळ साधून गच्चीवर जा: पूर्ण डिशवर ऊन पडलं असेल तर वाट मोकळी आहे, फांदीची सावली पडली असेल तर कुठली फांदी छाटायची तेही कळतं.

मुसळधार सरीत दहा-पंधरा मिनिटं चित्र जाणं ६० सेंटिमीटरच्या डिशला चुकत नाही. ९० सेंटिमीटरची डिश सव्वादोन पट सिग्नल गोळा करते, म्हणजे साडेतीन डेसिबल जास्त. ज्यांच्याकडे दर पावसात जातं त्यांनी आधी केबल आणि पीळ तपासून मगच तिच्यावर खर्च करावा. आणि क्वालिटी उत्तम असून एखादाच चॅनेल गायब असेल तर चॅनेल पुन्हा स्कॅन करा. काही चॅनेल फक्त एमपेग-४ (नव्या पद्धतीच्या) बॉक्सवर येतात, त्यांच्यासाठी केबलशी झगडून उपयोग नाही.

रेडिओचा त्रास वेगळ्याच जातीचा निघाला. आकाशवाणी इंदूर ६४८ किलोहर्ट्झवर आहे, केंद्र गावातलंच, तरी घरात सतत घरघर. ट्रान्झिस्टर सेलवर चालवून घराचा मुख्य स्विच बंद केला आणि घरघर थांबली. म्हणजे गोंगाट घरातला. मग एकेक एमसीबी चालू केला. जिन्यातला एलईडी दिवा आणि एक मोबाइल चार्जर, एवढे दोनच दोषी. स्वस्त चार्जरमधलं स्विचिंग मीडियम वेव्हमध्येच गोंगाट ओतत असतं. दिवा बदलला आणि चार्जर दुसऱ्या खोलीत गेला, कारण हा गोंगाट अंतरानं झपाट्यानं कमी होतो. मीडियम वेव्हला वर काढायच्या दांडीचा उपयोग नाही, अँटेना रेडिओच्या आत आडवी असते. रेडिओची लांब बाजू केंद्राकडे वळवायची, आणि शक्य असेल तर टोक गोंगाटाच्या दिशेला. रात्री मुंबईची अस्मिता ५५८ वर आणि नागपूर ५८५ वर शोधताना या वळवण्यानंच फरक पडतो. खिडकीबाहेर सोडलेल्या ८-१० मीटर वायरचे पाच वेढे रेडिओभोवती घेतले तर आणखी.

एफएमला मात्र दांडी महत्त्वाची. ९८.३ ला ती ७३ सेंटिमीटर हवी. रेडिओ खिडकीत ठेवा, कारण स्लॅबमधली सळई सिग्नल अडवते. 'स' आणि 'श' चिरके येत असतील तर सिग्नल भिंतींवरून परतून दोनदा येतोय. दांडी वाढवण्याऐवजी आडवी करून किंवा फूटभर सरकवून बघा.

आणि आकाशवाणी मराठी अगदी स्वच्छ ऐकायची असेल तर ती फ्री डिशवरच आहे. रिमोटवरचं टीव्ही-रेडिओचं बटण दाबलं की रेडिओची वेगळी यादी उघडते. बॉक्सच्या मागून आवाजाची वायर स्पीकरला दिली की टीव्ही बंद ठेवूनही चालतं.