मुठीतला जोर मोजताना : आमची वाटचाल

बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्रींना (ओतकामाच्या कारखान्यांना) आणि हायड्रॉलिक्सच्या कारखान्यांना कंट्रोल पॅनेल बनवून देणे हा आमचा मूळ व्यवसाय, आणि कामगारांचे पगार आजही त्यावरच निघतात. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीकडे आम्ही वळलो ते एका फाउंड्रीमालकांनी विचारणा केल्यामुळे. 1,300 अंशांहून अधिक तापलेले लोखंड साच्यात ओतायला नव्या मुलाला शिकवायचे, पण पहिल्याच दिवशी भट्टीजवळ उभे करायचे नाही, अशी काही सोय हवी होती.

हेडसेटमध्ये भट्टी, साचे, लॅडल (वितळलेले लोखंड ओतायचे दांड्याचे भांडे) सारे उभे राहिले. मात्र हातात कंट्रोलर दिला की मोबाईलवर गेम खेळणारा पोरगा झटकन तरबेज होई आणि उभी हयात लॅडल धरलेले मेस्त्री बटण चाचपत राहत. 2019 च्या अखेरीस क्वेस्ट हेडसेटमध्ये आलेली, कॅमेऱ्याने हात ओळखण्याची सोयही आम्ही वापरून पाहिली. त्यात बोटांची ठेवण दिसते, पण मूठ सैल आहे की गच्च, हे कॅमेऱ्याला कळत नाही. ओतकामाचे निम्मे कसब तर तिथेच असते, कारण भीतीने दांडा आवळून धरणाऱ्याचा हात लवकर भरून येतो, धार तुटते आणि कास्टिंगमध्ये कोल्ड शट, म्हणजे धातू एकजीव न झाल्याची भेग, राहतो.

त्यामुळे आम्ही स्नायूंच्या विद्युत संकेतांकडे, म्हणजे ईएमजीकडे वळलो. या कामासाठी नावाजलेल्या, हातावर बांधायच्या मायो पट्ट्याची विक्री 2018 मध्येच थांबली होती, म्हणून पट्टा स्वतःच जोडायला घेतला. त्वचेवर मिळणारा हा संकेत फार तर काही मिलिव्होल्टचा आणि साधारण 20 ते 500 हर्ट्झमधला असतो. आपल्या विजेचे 50 हर्ट्झ नेमके त्यातच येतात, आणि शेजारी इंडक्शन फर्नेस चालू असेल तर विचारायलाच नको. पट्टा बॅटरीवर चालवणे, दोन इलेक्ट्रोडमधील फरकच वाचणे, संदर्भाचा इलेक्ट्रोड कोपराच्या हाडावर ठेवणे, या उपायांनी संकेतात मिसळणारा विजेचा गोंगाट आटोक्यात आला. पॅनेलच्या धंद्यात अर्थिंगशी केलेली झटापट इथे उपयोगी पडली. बेळगावच्या कोरड्या थंडीत मात्र त्वचा स्पिरिटने पुसून घेतल्याशिवाय संकेत नीट मिळत नाही.

आता शिकणाऱ्याच्या हातात रिकाम्या लॅडलचा खराखुरा दांडा असतो. आधी त्याला पूर्ण ताकदीने मूठ आवळायला सांगतात आणि तो जोर शंभर टक्के धरून पुढचे मोजमाप होते, कारण एकाच्या हाताचे आकडे दुसऱ्याला लागू पडत नाहीत. दांड्याचा कल हालचालीच्या सेन्सरवरून आणि पकड स्नायूंवरून समजते. बटणेच नसल्याने कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांतील सूचना चार-दोन वाक्यांत आटोपतात.

स्नायू थकू लागला की संकेताचा झोक कमी वारंवारतेकडे जातो आणि तो पडद्यावर स्पष्ट दिसतो. हे पाहून काही मालकांनी प्रत्यक्ष पाळीतही कामगारांना पट्टा बांधण्याची मागणी केली. ती आम्ही स्वीकारलेली नाही. पट्टा प्रशिक्षणाच्या खोलीबाहेर जात नाही आणि थकव्याची नोंद शिकणाऱ्यालाच दाखवली जाते, ही अट आम्ही कोटेशनमध्येच लिहून देतो.