कोथिंबीर उगवत का नाही?

"ताई, मूठभर धने टाकले, चार काड्यासुद्धा वर आल्या नाहीत. तुमच्याकडे एवढी दाट कशी येते?" परभणीत आमच्या गल्लीत दर हिवाळ्यात कुणी ना कुणी हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत म्हणून सगळं सांगते.

अख्खा धना म्हणजे फळ. आत दोन बिया जोडून असतात. फरशीवर पसरून लाटण्याने हलकेच रगडा. दोन फाकी व्हाव्यात, भुगा नको. मग रात्रभर भिजवायचे. किराणा दुकानातले धने चालतात, फक्त जुनाट नकोत. पेरणीचं बी औषध लावलेलं असेल, तर उरलेलं स्वयंपाकात वापरू नका.

खरी अडचण आपल्या काळ्या मातीची आहे. पाइपाने पाणी सोडलं की ती दबते, ऊन लागलं की वर पापुद्रा धरते आणि कोवळा कोंब खालीच अडतो. मी भरपूर शेणखत नि थोडी वाळू मिसळते, अर्ध्या पेराएवढ्या खोल ओळीत धने टाकते आणि पाणी झारीनेच देते. वरून ओलं गोणपाट अंथरते. एकदा लग्नाच्या गडबडीत ते दोन दिवस जास्त राहिलं. उचललं तर पिवळे, लांबुडके कोंब तागाच्या विणीत अडकून उपटून आले. फार वाईट वाटलं. तेव्हापासून सहाव्या दिवसापासून रोज सकाळी कोपरा उचलून बघते.

उगवायला आठ ते पंधरा दिवस लागतात, तोवर माती उकरू नका. आणि हे नीट लक्षात ठेवा: पहिली दोन पानं कोथिंबिरीसारखी दिसतच नाहीत. लांबट, अरुंद, गवताच्या पात्यासारखी असतात. एखाद्याच्या टोकाला टरफल टोपीसारखं अडकलेलं असतं. शेजारच्या काकूंनी गवत समजून अख्खी ओळ खुरपून टाकली होती. कातरलेली पानं त्यानंतर येतात.

आपल्या मे महिन्यातल्या बेचाळीस अंशांत पेरू नका. उगवण कमी होते आणि जे येतं ते लगेच फुलावर जातं. मी दसऱ्यापासून जानेवारीपर्यंत दर पंधरा-वीस दिवसांनी दोन-दोन ओळी पेरते.

दोन-चार झाडं मात्र मुद्दाम फुलू देते. पांढऱ्या फुलांवर मधमाश्या येतात, मग हिरवे धने धरतात. ते ठेच्यात घालून बघा, भाकरीबरोबर.