तुम्ही विचारलंत म्हणून : कहुटा तेव्हाच उडवलं असतं तर?

मी रिटायर्ड फिजिक्सवाला, त्यामुळे रात्री टीव्हीवर जे गाजतं ते सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या कडेला माझ्या गळ्यात पडतं. जून २०२५ मध्ये इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब पडले तेव्हापासून तर एकच, "सर, आपण पाकिस्तानचं कहुटा, ते युरेनियम शुद्ध करायचं केंद्र, ८० च्या दशकातच उडवलं असतं तर आज ही डोकेदुखीच नसती ना बे?" (बे मला नाही, शेजारच्याला, पण ऐकू येतंच की.)

खरं सांगू का, मीही तेव्हा हेच म्हणायचो. ७ जून १९८१ ला इस्रायलने इराकची बगदादजवळची ओसिराक अणुभट्टी पाडली आणि आम्ही कॉलेजची पोरं नव्या पेठेत चहा पीत कहुट्याचा प्लॅन आखत बसलेलो, जणू विमानं आमच्याच घरची.

नंतर मत बदललं. ओसिराक उघड्यावर होती, आंतरराष्ट्रीय अणुसंस्थेचे तपासनीस जाऊन बघत होते. ती पडल्यावर सद्दाम थांबला नाही, उलट काम लपूनछपून वाढवलं, आणि ते किती पुढे गेलेलं हे १९९१ च्या युद्धानंतर कळलं. आपली साखर कारखान्याची चिमणी आठवा, १५ जून २०२३ ला बघता बघता भुईसपाट, अख्ख्या सोलापूरने मोबाईलवर बघितली, पण म्हणून साखर कशी करायची हे कोण विसरलं का? युरेनियमचं तेच. सेंट्रिफ्यूज म्हणजे भयंकर वेगाने फिरणारी उभी नळी, युरेनियमचा जड अणू कडेला जातो, हलका मधे राहतो, बॉम्बला हा हलकाच हवा, म्हणून अशा हजारो नळ्या एकमेकींना जोडायच्या. पाकिस्तानचे अणुशास्त्रज्ञ अब्दुल कादीर खान हॉलंडहून ही विद्याच घेऊन गेलेले, इमारत नाही.

मग नुसत्या वाटाघाटी? त्याचंही काही खरं नाही. उत्तर कोरियाशी अमेरिकेचा १९९४ मध्ये करार झाला आणि २००६ मध्ये त्यांनी अणुस्फोट केला, हे कोणी तोंडावर फेकलं की मी गप्प बसतो. पण इराणचं बघा, २०१५ च्या करारात युरेनियममधला तो हलका अणू ३.६७ टक्क्यांच्या वर न्यायचा नाही अशी मर्यादा होती, २०१८ मध्ये अमेरिकाच बाहेर पडली, २०२१ मध्ये इराण ६० टक्क्यांवर. आणि बॉम्ब टाकल्यावर काय, तर ते ४०० किलोच्या वरचं युरेनियम नेमकं कुठंय हे बघायला तपासनिसांना कित्येक महिने जाताच आलं नाही. मला सगळ्यात भीती याचीच वाटते, डोळेच गेले.

आपल्याकडे एक गोष्ट आहे जिची बातमी आतल्या पानावर चार ओळीत येते. ३१ डिसेंबर १९८८ ला राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टोंच्या काळात एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही असा करार झाला, आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला दोघं आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. इकडे गड्ड्याच्या यात्रेचे पाळणे उभे राहत असतात आणि तिकडे याद्या. कारगिल झालं, पुलवामा झालं, यादी चुकली नाही.

परवा एकाने विचारलं, सर, त्यांनी यादीत एखादं नाव गाळलं तर? म्हटलं गाळत असतीलही, आपण तरी सगळं सांगतो कशावरून. एवढ्यावर गडी असा खूश झाला की चहाचे पैसे त्यानेच दिले.