जिनिंगच्या हंगामाआधी संगणकांची देखभाल सोपवताना : माझा अनुभव

पांढरकवडा भागातील एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्याचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्याचे, व्यवस्थापन मी पाहतो. दिवाळीनंतर कापसाची आवक वाढली, की आमचे सगळे काम वजनकाट्यावरच्या संगणकावर येऊन ठेपते; तो बंद पडला तर काटापट्टी (वजनाची पावती) निघत नाही, चुकारा (शेतकऱ्याला द्यायचे पैसे) थांबतो आणि रात्रीच घरून निघालेला शेतकरी भरलेल्या बंडीजवळ ताटकळत बसतो. हे मला कधीच सहन झालेले नाही, म्हणूनच २०२५ च्या हंगामाआधी संगणकांची देखभाल नागपूरच्या एका सेवा कंपनीकडे मासिक करारावर सोपवण्याचा प्रस्ताव मी मालकांपुढे ठेवला.

बिघाड झाल्यावर बोलावलेल्या कारागिराला दुरुस्तीचे पैसे मिळतात. ठरलेल्या मासिक रकमेत मात्र प्रत्येक बिघाड म्हणजे सेवा देणाऱ्याचाच वाढीव खर्च असतो, त्यामुळे बिघाड टाळण्यात त्याचेही हित असते. मालकांना हा मुद्दा पटला.

पहिले काम यादीचे होते. कोणत्या संगणकावर काय चालते, परवाने कोणाच्या नावावर आहेत आणि पासवर्ड कोणाकडे आहेत, हे प्रथमच एका कागदावर आले. विंडोज १० या संगणकप्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे नेमका हंगामाच्या तोंडावर, संपत होता. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर (माहिती कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या) विषाणूने विंडोजमधील ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेली होती. तरीही ती न बसवलेले असंख्य संगणक त्याच्या तावडीत सापडले. आमच्याकडे अशा दुरुस्त्या बसवणे हे कोणाचेच ठरलेले काम नव्हते. आता ते कंपनी रात्री, काटा बंद असताना, दुरूनच करते. काट्याचा संगणक बदलताना थोडा वेळ गेला, कारण इंडिकेटरची (वजनाचा आकडा दाखवणाऱ्या यंत्राची) जुनी सिरियल केबल लावायला नव्या यंत्रात जागाच नव्हती. त्यासाठी वेगळा कन्व्हर्टर घ्यावा लागला.

माझा सर्वांत जास्त आग्रह बॅकअपवर होता. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर आणि त्यांतील एक कारखान्याबाहेर, ही सर्वमान्य पद्धत कंपनीने सुचवली. परंतु प्रत असणे आणि तिच्यातून काम पुन्हा उभे राहणे या भिन्न गोष्टी आहेत, म्हणून आवक सुरू होण्यापूर्वी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील खाती आणि काट्याच्या नोंदी एका कोऱ्या संगणकावर परत आणून दाखवाव्यात, अशी अट मी घातली. खाती व्यवस्थित उघडली. काट्याच्या प्रतीत मात्र फक्त नोंदी होत्या, पावतीचा नमुना आणि प्रिंटरची मांडणी नव्हती. ही उणीव ऐन गर्दीत कळली असती, तर पावत्या हाताने लिहाव्या लागल्या असत्या.

करारात प्रतिसादाची वेळ लिहिताना हंगाम आणि बिगरहंगाम असे दोन भाग केले. दुरून दुरुस्ती झाली नाही तर माणूस किती वेळात पोहोचेल, हेही लिहून घेतले, कारण नागपूरहून येणाऱ्याला वाटेतच काही तास लागतात. मुख्य पासवर्डची मोहोरबंद प्रत कारखान्याच्या तिजोरीत राहील आणि करार संपल्यास सर्व माहिती वापरता येईल अशा स्वरूपात परत मिळेल, ही कलमे मालकांनी स्वतः वाचून मंजूर केली.

विजेचा प्रश्न या सेवेने सुटत नाही. काट्याच्या खोलीचे अर्थिंग आणि यूपीएसच्या बॅटऱ्या आम्ही आमच्या वायरमनकडेच ठेवल्या आहेत, आणि त्यांची तपासणीही आता त्याच यादीत लिहिली जाते.