वेशीला एक कुलूप, दाराला दुसरं

आमच्या गावच्या वाचनालयाची दाखल नोंदवही मी दोन वर्षं दर रविवारी बसून एक्सेलमध्ये उतरवली. ६,२०० पुस्तकं. वाचनालय 'ब' वर्गाचं, सभासद ४००च्या आसपास, आणि ग्रंथपाल बाईंना दिवसभर फोन एकाच कामासाठी: "अमकं पुस्तक आहे का हो, आणि आत आहे की कुणी नेलंय?" म्हटलं, निदान पहिल्या प्रश्नापुरती तरी यादी इंटरनेटवर टाकू. वर शोधायची चौकट, खाली यादी, एवढंच पान.

असं पान फुकट ठेवायच्या जागा आहेत, मला माहीत होतं. पुण्यात आयटीत असलेली भाची म्हणालीही, "मामा, कशाला स्वतःचं मशीन घेतोस?" पण पुढेमागे देवघेवही तिथेच नोंदवायची होती. शिवाय पतसंस्थेत २५ वर्षं दुसऱ्यानं बसवलेल्या सॉफ्टवेअरपुढे बसून काढली. एकदा आपल्या हातानं काहीतरी बसवून बघायची खाज होती, हे खरं कारण.

मशीन, म्हणजे कायम इंटरनेटला जोडलेला दूरचा संगणक, भाड्यानं घेतलं. डेटा सेंटर मुंबईचं, एक सीपीयू, १ जीबी रॅम, उबंटू २४.०४ ही ऑपरेटिंग सिस्टीम, महिन्याला साधारण ५०० रुपये. पासवर्ड मिळत नाही, किल्लीची फाइल मिळते, ती वापरून एसएसएचनं, म्हणजे दुरून हुकूम द्यायच्या सुरक्षित जोडणीनं, आत जायचं. पहिल्या प्रयत्नाला मशीननं नव्हे, माझ्याच लॅपटॉपनं अडवलं: ही फाइल कुणालाही वाचता येतेय, अशी किल्ली मी वापरणार नाही. सीएचमॉड ६०० करून ती फक्त मलाच वाचता येईल अशी केल्यावर गेलो आत. काळा पडदा, लुकलुकणारा कर्सर. मुंबईतलं एक मशीन माझ्या हुकमाची वाट बघतंय, याचं जरा अप्रूप वाटलं.

सर्व्हर, म्हणजे मागेल त्याला पान पाठवणारा प्रोग्राम, म्हणून एनजिनएक्स घेतला. इगोर सिसोएव या रशियन माणसानं तो २००४ साली लोकांसाठी खुला केला. तेव्हाचा प्रश्न असा होता की एकाच मशीननं एका वेळी १० हजार जोडण्या कशा सांभाळायच्या. आमच्याकडे एका वेळी दोन माणसं आली तर बाई खुर्ची शोधतात, पण असो. एका ओळीच्या हुकमात तो बसला आणि आपला आपण सुरूही झाला. मशीनच्या आतूनच कर्ल या पान मागवायच्या हुकमानं विचारून पाहिलं तर स्वागताचं पान हजर. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये त्याच मशीनचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा आकडी पत्ता, टाकला, तर चक्र फिरतंय, फिरतंय, आणि शेवटी टाइम-आउट.

दीड तास मी एनजिनएक्सची कॉन्फिग फाइल चाळत बसलो. त्यात काहीच बिघडलेलं नव्हतं. शेवटी भाचीला फोन लावला. तिनं एकच विचारलं, "मामा, टाइम-आउट येतंय की रिफ्यूज्ड?"

"त्यानं काय फरक पडतो?"

"सगळा फरक त्यानंच पडतो."

फरक असा. 'रिफ्यूज्ड' आलं तर समजायचं, तुम्ही घरापर्यंत पोचलात, दार वाजवलंत, आणि आतून लगेच उत्तर आलं की इथे कुणी नाही. म्हणजे सर्व्हर बंद आहे किंवा भलत्याच पोर्टवर, म्हणजे भलत्याच क्रमांकाच्या वाटेवर, बसलाय. चक्र फिरत राहिलं तर बहुतेक वेळा वाटेतच कुणीतरी तुमचा निरोप गुपचूप टाकून दिलाय, 'नाही' म्हणण्याचे कष्टही न घेता. ते काम फायरवॉलचं, म्हणजे जोडण्या अडवणाऱ्या पहारेकऱ्याचं. आणि फायरवॉल दोन असतात. एक क्लाउड कंपनीची, मशीनच्या बाहेर, तिच्या वेबसाइटवर टिचक्या मारून उघडायची. ही गावाची वेस. दुसरी मशीनच्या आतली, उबंटूत यूएफडब्ल्यू नावाची. हे घराचं दार. माझ्या वेशीवर फक्त २२ नंबरचं पोर्ट उघडं होतं, एसएसएचचं. वेबचं ८० बंद. मी घरात बसून घरातलेच दिवे तपासत होतो. ८० उघडलं आणि पान झळकलं.

खरी फजिती त्यानंतरची. दार नुसतंच लोटलेलं दिसलं, म्हणून यूएफडब्ल्यूही चालू करायचं ठरवलं. ८० आणि ४४३ला (एचटीटीपीएसचं, म्हणजे सुरक्षित वेबचं पोर्ट) परवानगी दिली आणि चालू कर म्हटलं. त्यानं विचारलं, चालू असलेल्या एसएसएच जोडण्या तुटू शकतात, पुढे जाऊ? मी 'वाय' दाबलं. काहीच तुटलं नाही! म्हणजे सगळं ठीक, असं समजून लॅपटॉप मिटला आणि झोपलो. आधीपासून जुळलेली जोडणी तो तोडत नाही, नव्या तेवढ्या अडवतो. आणि २२ला परवानगी द्यायची मी विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चक्र फिरतंय, फिरतंय. स्वतःला घराबाहेर कोंडून घेतलं होतं.

कंपनीच्या वेबसाइटवरून थेट कन्सोल, म्हणजे मशीनचा स्वतःचा पडदा, उघडता येतो, तो उघडला. त्यानं पासवर्ड मागितला. पासवर्ड कुठला, आपल्याकडे फक्त किल्ली. भाची म्हणाली, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडू, यूएफडब्ल्यूच्या फाइलमध्ये चालूचं बंद करू आणि परत लावू. पण आत होतं काय, दोन संध्याकाळींचं काम. मशीन मोडीत काढलं, नवं घेतलं. रोजकीर्द लिहायच्या सवयीनं प्रत्येक हुकूम वहीत टिपलेला होता, त्यामुळे दुसऱ्यांदा सगळं २५ मिनिटांत उभं राहिलं. या खेपेला यूएफडब्ल्यूत आधी २२, मग बाकीचे. आणि आहे ती खिडकी न मिटता दुसऱ्या खिडकीतून आत येऊन पाहिलं, मगच उठलो.

मात्र नव्या मशीनचा आयपी नवा. डोमेनच्या, म्हणजे साइटच्या नावाच्या, ए रेकॉर्डमध्ये (नावाचा आयपी सांगणाऱ्या नोंदीत) जुनाच होता. तो बदलला तरी जुनं उत्तर तासभर इकडेतिकडे साठून राहतं, कारण टीटीएल (उत्तर साठवून ठेवायची मुदत) ३,६०० सेकंदांचा. कायमचा आयपी आधीच राखून ठेवता येतो, हे तेव्हा कळलं.

यादी टाकली तर ४०३, म्हणजे 'प्रवेश नाही'. फाइली मी माझ्या होम फोल्डरमध्ये ठेवल्या होत्या, आणि उबंटूत २१.०४ पासून होम फोल्डर बाहेरच्यांना बंद असतं. एनजिनएक्स हा बाहेरचाच. हे एरर लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या चुकांच्या नोंदवहीत, स्वच्छ लिहिलेलं होतं, परवानगी नाकारली म्हणून. मी लॉग शेवटी वाचला. फाइली व्हार-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू या वेबसाठीच्या फोल्डरमध्ये हलवल्या, झालं.

लॉगचा नाद मात्र तिथून लागला. पत्ता अजून कुणालाही सांगितलेला नव्हता, तरी तासाभरातच पाहुणे. कुणी वर्डप्रेसचं लॉगिन पान मागतंय, कुणी पासवर्डांची लपलेली फाइल. एसएसएचवर रूट, अॅडमिन, टेस्ट अशा नावांनी रांग. रोख कुणावर नसतो. यंत्रं सगळे आयपी ओळीनं ठोठावत जातात. पासवर्डनं प्रवेश बंद असल्यामुळे ती ठोठावतात आणि जातात. तरी पहिल्या रात्री मी दोनदा उठून बघितलं.

एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं, फुकट, ९० दिवसांचं. सर्टबॉट हा प्रोग्राम ते आणतो आणि मुदत संपण्याआधी आपणहून नवं करतो. डोमेन आपलंच आहे ना, याची तपासणी ८०वरून होते, म्हणून एचटीटीपीएस आल्यावर ८० बंद करायचा मोह आवरायचा. डोमेन अजून जुन्या आयपीकडे बोट दाखवत असताना मी सर्टबॉट पुन्हापुन्हा चालवला. एका तासात पाच वेळा तपासणी फसली की ते थांबायला लावतात. थांबलो, चहा घेतला. मग प्रमाणपत्र आलं, आणि साइट पुन्हा फिरत बसली. या वेळी फोन नाही केला. चक्र म्हणजे वेस. ४४३ दारात उघडलेलं, वेशीवर राहून गेलेलं.

एक भानगड खास आपली. पान नीट दिसत होतं, पण छापण्यासाठी ठेवलेली साधी टेक्स्ट यादी उघडली की देवनागरीच्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरं. पानात यूटीएफ-८, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, लिहिलेलं असतं, टेक्स्ट फाइलीत ते लिहायची सोय नाही, आणि एनजिनएक्स मुळात काही सांगत नाही, मग ब्राउझर अंदाज करतो. कॉन्फिगमध्ये कॅरसेट यूटीएफ-८ अशी एक ओळ घातली की मराठी परत.

शनिवारी वाचनालयात जाऊन बाईंच्या फोनवर पान उघडून दिलं. त्यांनी चष्मा वर सारला, बोटानं हळूहळू खाली सरकवत गेल्या. मी कौतुकाची वाट बघतोय.

"अहो," त्या म्हणाल्या, "दाखल क्रमांक ३१२ दोनदा आलाय."